बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे

पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची. राजाच्या या जुन्या गोष्टीत एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. त्यावरचे वाचकांचे काही प्रश्न.

चौसष्ट संख्यांची बेरीज हाताने करायची?

करूच नका. पहिल्या घरात पदरचा एक दाणा टाका. तिथे दोन झाले. ते दोन उचलून दुसऱ्या घरात ठेवा, चार झाले. ते चार तिसऱ्यात, आठ झाले. सरकत सरकत शेवटच्या घरात पोहोचलात की तिथे दोनाचा ६४ वा घात जमतो. आता पदरचा दाणा परत घ्या. मुलांना चिंचोके देऊन पाच-सहा घरांपुरतं हे करायला लावा, सूत्र सांगावं लागत नाही.

ही संख्या मराठीत वाचतात कशी?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत, स्थानांची नावं आहेत. त्यानुसार १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म... पुढचं तुम्ही म्हणून पाहा.

शेवटी ५ आहे, म्हणजे ५ ने भाग जातो. आणखी कशाने?

अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ नेही जातो, ९ ने मात्र नाही. पण खरं सौंदर्य पुढे आहे. दोन वर्गांच्या वजाबाकीचं शाळेतलं सूत्र इथे पुन्हा पुन्हा लावा. संख्या फुटत जाते आणि हाती येतात ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. सहावीही मूळच असणार, असं फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने दाखवलं की ती ६४१ गुणिले ६७००४१७ आहे. असे सात वेगवेगळे मूळ अवयव झाले, प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून एकूण विभाजक दोनाचा सातवा घात, १२८.

कॅल्क्युलेटर नसताना ६४१ सापडला कसा?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. दोनाचा ३२ वा घात अधिक एक, या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकाने जास्तच असतो. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच यश!

पडताळा तर तोंडी होतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्यावरून, ६४१ ने भागताना ‘५ गुणिले दोनाचा सातवा घात’ याची बाकी उणे एक, म्हणजे पूर्ण भाग जायला एकच कमी. त्याचा चौथा घात करा: ६२५ गुणिले दोनाचा २८ वा घात, बाकी एक. दुसऱ्यावरून, ६२५ च्या जागी उणे १६ चालतो. मग दोनाच्या ३२ व्या घाताची बाकी उणे एक. त्यात एक मिळवला की भाग निःशेष.

संगणकात दाण्यांची हीच संख्या का दिसते?

६४ बिटांत, म्हणजे ० किंवा १ लिहायच्या ६४ जागांत, मावणारी ही सर्वांत मोठी पूर्ण संख्या, ऋण चिन्हासाठी जागा राखली नसेल तर. चौसष्टही जागी १ असतो. आणखी एक मिळवला की हातचा घराघरातून सरकत पटाबाहेर जातो आणि सगळीकडे शून्य उरतं.