घरच्या स्वयंपाकासाठी हँड ब्लेंडर कोणता घ्यावा, आणि धुवावा कसा?

चौघांच्या घरात डाळ घोटायला, टोमॅटोचं सार किंवा पालकाची प्युरी करायला 300 ते 600 वॉटचा पुरतो. दांडी मात्र स्टीलचीच घ्या, आणि ती मोटरपासून सुटी होते ना, हे दुकानातच काढून बघा. प्लास्टिकची दांडी हळदीने पिवळी पडते. ओल्या खोबऱ्याच्या वाटणाला मिक्सरच हवा.

काम झाल्याझाल्या उंच भांड्यात कोमट पाणी, साबणाचा थेंब घालून दहा सेकंद चालवा. मग आधी प्लग काढा, त्यानंतरच पात्याजवळ हात न्या. कृपा करून हा क्रम मोडू नका. पात्यामागच्या खळग्यात पालकाचा दोरा हमखास अडकतो, तो जुन्या टूथब्रशने निघतो. मोटरचा भाग नळाखाली धरू नका, ओलसर फडक्याने पुसा.