मागच्या डोलकाठीचा मान

प्रश्न : कोकणच्या इतिहासात १७५५ साली सुवर्णदुर्ग घेणारा ‘कमोडोर’ जेम्स आणि १७५६ साली विजयदुर्गावर चालून आलेला ‘रिअर ॲडमिरल’ वॉटसन अशी दोन इंग्रज नावे येतात. या दोघांत वरचा कोण? ‘रिअर’ म्हणजे मागचा, तर मागच्याला इतके मोठे पद कसे? आणि अमेरिकेत बराच काळ ॲडमिरल नव्हतेच, हे खरे का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वरचा अर्थातच वॉटसन. जेम्स होता ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील आरमारात. आणि खुद्द इंग्लंडच्या राजाच्या नौदलातही त्या काळी कमोडोर ही बढतीची कायम पायरी नव्हती. काही जहाजांची तुकडी ज्या कॅप्टनच्या हाती सोपवली जाई, त्याला ती कामगिरी चालू असेपर्यंत कमोडोर म्हणत. ती संपली की तो पुन्हा कॅप्टन.

‘ॲडमिरल’ हा शब्द मुळात अरबी ‘अमीर’वरून, म्हणजे सरदार या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे, आपण मराठीत त्याच अमिराला श्रीमंत करून ठेवले आहे. ‘रिअर’चा अर्थ मात्र सरळ आहे. सतराव्या शतकात इंग्रजी आरमाराचे तीन भाग केले जात : मध्यभागी लाल निशाणाचे पथक, आघाडीला पांढऱ्या आणि पिछाडीला निळ्या. प्रत्येक पथकाचेही पुन्हा तीन भाग असत; मधल्या भागावर ॲडमिरल, पुढच्यावर व्हाइस ॲडमिरल आणि मागच्यावर रिअर ॲडमिरल. शत्रूशी पहिली गाठ आघाडीची पडते, म्हणून पिछाडीचे काम तुलनेने धाकट्याकडे जाई. हा फरक दुरूनही ओळखू येई, कारण ॲडमिरलचे निशाण मधल्या डोलकाठीवर, व्हाइस ॲडमिरलचे पुढच्या आणि रिअर ॲडमिरलचे मागच्या डोलकाठीवर फडकत असे. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या लढाईत इंग्रज सेनानी नेल्सन पडला तेव्हा तो पांढऱ्या पथकाचा व्हाइस ॲडमिरल होता, म्हणून त्याचे निशाण ‘व्हिक्टरी’ या त्याच्या जहाजाच्या पुढच्या डोलकाठीवर होते.

पुढे ही पथके कागदावरच उरली आणि रंग म्हणजे निव्वळ ज्येष्ठतेची पायरी झाली : निळा रिअर ॲडमिरल सर्वांत खाली, मग पांढरा, मग लाल, आणि त्यानंतर निळा व्हाइस ॲडमिरल. एकदा कॅप्टनांच्या यादीत नाव लागले की पुढची बढती पराक्रमावर नव्हे, तर वरची नावे गळण्यावर अवलंबून असे. ‘रक्तपाताचे युद्ध किंवा साथीचा हंगाम’ येवो म्हणून जहाजावर पेले उंचावले जात, ते काही विनोदाने नव्हे. यादीत वर सरकलेल्या पण आरमार हाती देण्याजोगा न वाटणाऱ्या कॅप्टनचे काय करावे, यावर १७४७ मध्ये एक खास सरकारी तोडगा निघाला : त्याला कोणत्याही पथकाविना रिअर ॲडमिरल करून घरी बसवायचे. लोक त्याला ‘पिवळा ॲडमिरल’ म्हणत. पिवळे पथक अस्तित्वातच नव्हते, हीच त्यातली मेख. १८६४ मध्ये ही रंगव्यवस्था संपली. लाल निशाण व्यापारी जहाजांकडे गेले आणि पांढरे नौदलाकडे राहिले. आपल्या नौदलाच्या ध्वजावर, मधली काही वर्षे सोडल्यास, २०२२ पर्यंत पांढऱ्यावर दिसणारा लाल क्रूस तिथूनच आलेला.

अमेरिकेबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. राजाला झुगारून उभ्या राहिलेल्या त्या देशाला ‘ॲडमिरल’ या शब्दातच दरबारी वास येई, म्हणून तिथे कॅप्टन हेच सर्वोच्च पद होते. स्वातंत्र्ययुद्धातला त्यांचा गाजलेला वीर जॉन पॉल जोन्स रिअर ॲडमिरल झाला तो १७८८ मध्ये, रशियाच्या कॅथरीन राणीच्या चाकरीत. यादवी युद्धात आरमार अवाढव्य वाढले, तेव्हा कुठे काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, हट्ट सोडला. न्यू ऑर्लिन्स घेणारा डेव्हिड फॅरागट जुलै १८६२ मध्ये अमेरिकेचा पहिला रिअर ॲडमिरल झाला, १८६४ मध्ये व्हाइस ॲडमिरल आणि १८६६ मध्ये ॲडमिरल. तो नऊ वर्षांचा असताना नौदलात शिरला होता; पहिले निशाण मिळाले तेव्हा एकसष्टीत होता.

कमोडोरचा घोळ मात्र त्यांना अजून नीटसा सुटलेला नाही. १८९९ मध्ये त्यांनी ते पद काढून टाकले आणि रिअर ॲडमिरलांचेच पगारापुरते दोन भाग केले. दुसऱ्या महायुद्धात ते परत आणले, मग पुन्हा सोडले. आज तिथला एक तारा लावणारा अधिकारीही रिअर ॲडमिरलच म्हणवतो, पण ‘खालच्या अर्ध्याचा’. आपल्या नौदलात त्याच्या बरोबरीचा अधिकारी कमोडोर असतो.