मंत्री राहिलेला माणूस न्यायाधीश म्हणून चालतो का?

राजकारणात मुरलेला माणूस न्यायासनावर बसला की पक्षाचंच बघणार, असं तुम्ही लिहिलंय. मी पंचवीस वर्षं तालुका कोर्टात वकिली करतोय. माझ्यापुढे या प्रश्नाचं उत्तर म्हणून एकच माणूस येतो: न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर.

केरळातल्या थलश्शेरीचे वकील. कम्युनिस्टांना कायद्याची मदत केल्याच्या आरोपावरून 1948 मध्ये महिनाभर तुरुंगात होते. 1957 ला केरळात मुख्यमंत्री नंबुद्रिपादांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले, आणि कायदा, गृह यांच्याबरोबर तुरुंग खातंही त्यांच्याकडे आलं. पुढच्या निवडणुकीत सात मतांनी पडले, मग निवडणूक याचिकेत जिंकले. 1968 ला केरळ उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, 1973 ला सर्वोच्च न्यायालयात. तेव्हा तुमच्यासारखीच शंका घेऊन मुंबईच्या वकिलांनी विरोध केला होता. त्यात नामवंत वकील सोली सोराबजीही होते. पुढे सोराबजींनी आपली चूक मोकळेपणानं कबूल केली.

खरी कसोटी जून 1975 ची. इंदिरा गांधींची खासदार म्हणून निवड अलाहाबाद उच्च न्यायालयात रद्द झाली होती आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सुट्टीत तातडीची कामं बघणारे न्यायाधीश अय्यर होते. कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी भेटायचंय म्हणून फोन केला. अपील करायचं असेल तर कागद रजिस्ट्रारकडे द्या, भेटायची गरज नाही, असं अय्यरांनी सांगितलं. 24 जूनला अलाहाबादच्या निकालाला स्थगिती दिली ती अटींसह: पंतप्रधानपद राहील, पण खासदार म्हणून मतदान नाही, पगार नाही. इंदिरा गांधींचे वकील पालखीवाला यांनी मागितलेली बिनशर्त स्थगिती मिळाली नाही. दुसऱ्याच रात्री आणीबाणी आली.

आणि राजकारणातली ती वर्षं वाया गेली नाहीत, उलट तीच निकालांत उतरली. तिहारमधल्या कैद्याचं साधं पत्र त्यांनी याचिका म्हणून चालवलं. 1978 चा मोतीराम खटला तर प्रत्येक नव्या वकिलानं वाचावा. गरीब गवंडी, जामीन दहा हजारांचा. भाऊ जामीनदार राहायला तयार, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. अय्यरांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडायला सांगितलं.

त्यांचं इंग्रजी फार जड, शब्दकोश घेऊन बसावं लागतं. तरी बसा.

माझ्याकडे एक ऊसतोड कामगार होता. जामीनदार म्हणून मेहुणा परजिल्ह्यातून सातबारा घेऊन आला, तर क्लार्कनं उतारा बघून परत सरकवला. मी मोतीरामची प्रत पुढे ठेवली. साहेबांनी दोन परिच्छेद वाचले, वर बघितलं आणि मेहुण्याची सही घ्यायला सांगितली.