इंदूरमध्ये मुलांच्या मॅचेसचे फोटो काढायला ५५-२५० मिमी लेन्स पुरेल की ७०-२०० एफ/२.८ च घ्यावी?

मॅच उन्हात आहे की छताखाली, यावर सगळं ठरतं. सकाळच्या क्रिकेटला कॅननची ५५-२५० एसटीएम खुशाल वापरा. वजन जेमतेम ३७५ ग्रॅम, आणि क्रॉप सेन्सरवर (म्हणजे लहान आकाराचा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) ती ४०० मिमीसारखी जवळ आणते. चांगल्या उजेडात तिचे फोटो मला मनापासून आवडतात.

पण अभय प्रशालच्या बंदिस्त हॉलमध्ये टेबल टेनिस टिपायचं असेल तर गोष्टच वेगळी. झूम पूर्ण ताणला की ही लेन्स एफ/५.६ वर येते (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त), एफ/२.८ त्याच्या चौपट प्रकाश आत घेते. म्हणजे त्याच आयएसओला (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेला) एफ/२.८ वर १/१००० सेकंदाचा शटर मिळतो, तर ५५-२५० वर १/२५०. १/२५० ला सर्व्हिस करणाऱ्या मुलीचा चेहरा स्पष्ट येतो, पण मनगट आणि बॅट पुसट होतात. स्टॅबिलायझेशन आहे ना, असं दुकानात सांगतील. ते तुमच्या हाताचा हादरा थांबवतं, खेळाडूची हालचाल नाही.

७०-२०० दीड किलोच्या घरात जाते, मोनोपॉड (एकपायी स्टँड) लागेलच. हॉलमधल्या मॅचेस जास्त असतील तर मी जुनी, सेकंडहँड एफ/२.८ घेईन. घेण्याआधी पुढच्या काचेवर टॉर्च मारून बुरशी मात्र बघा, पावसाळ्यानंतर तर हमखास.