आठ युरोची रीसलिंग आणि कोथिंबीर वडी

फ्रँकफर्टजवळ राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, ‘शुक्रवारी मुलं झोपली की आम्ही दोघं जेवणाबरोबर थोडी पांढरी वाइन घेतो. स्वस्तातली नुसती आंबट लागते, म्हणून यांनी पंचवीस युरोची फ्रेंच बाटली आणली, तर ती कोळंबीच्या कालवणाबरोबर चक्क कडू लागली. चांगल्या वाइनला एवढे पैसे मोजावेच लागतात का? आणि पुढच्या महिन्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी येताहेत. बाटल्या तळघरात नेऊन ठेवू का?’

ताई, आधी पैशांचं. नाही मोजावे लागत, आणि तुम्ही राहता तिथे तर मुळीच नाही. तुमच्या शेजारच्या र‍्यूसेल्सहाइम गावात १४३५ साली रीसलिंग या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाच्या वेलींच्या खरेदीची नोंद झाली. या द्राक्षाचा कागदोपत्री सापडणारा सगळ्यात जुना उल्लेख तोच. ज्या मुलखात हे द्राक्ष जवळजवळ सहाशे वर्षं पिकतंय, तिथे सुपरमार्केटमध्ये सहा ते नऊ युरोला नेकीची बाटली मिळते.

पंचवीस युरोची बाटली वाईट नसणार. तिची तुमच्या कालवणाशी जोडी जमली नाही, एवढंच. अल्कोहोल जास्त असलं की मिरचीचा जाळ जिभेवर आणखी भडकतो, आणि ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनची चव तिखटापुढे कडवट होते. आपल्या स्वयंपाकाला काय लागतं ते आपल्याला आमटीनेच शिकवलंय. चिंच घातली की गुळाचा खडा पडतोच. रीसलिंगमध्ये तीच चिंचगुळाची जोडी असते. आंबटपणा द्राक्षाचा उपजत, आणि गोडी म्हणजे आंबवताना जी साखर मागे ठेवली तिची. म्हणून आपल्या ताटाला इतकी साजणारी दुसरी पांढरी वाइन मला तरी माहीत नाही.

आता दुकानात उभं राहून ओळखायचं कसं? ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, गोडी जवळजवळ नसलेली. तुम्हाला आंबट लागली ती बहुतेक हीच असावी. ‘हाल्बट्रोकन’मध्ये लिटरला साधारण १८ ग्रॅमपर्यंत साखर चालते. ‘फाइनहेर्ब’ या शब्दाला कायद्याची पक्की व्याख्या नाही, पण तो लिहिलेला असला की किंचित गोडी आहे असं समजा. तुमच्यासाठी मी याच बाटलीपासून सुरुवात करीन. लेबलवर काहीच लिहिलं नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा. मोझेल नदीकाठच्या एखाद्या ‘काबिनेट’वर (ही जर्मन वाइनची हलकी प्रत) ८ किंवा ९ टक्के दिसले, तर बरीचशी साखर अल्कोहोल न होता तशीच राहिली आहे. १२ किंवा त्याच्या वर असेल तर बहुधा कोरडी. शिवाय ८ डिसेंबर २०२३ नंतर बनलेल्या वाइनची पोषणमूल्यं सांगणं युरोपीय संघात बंधनकारक झालंय. बाटलीवरचा क्यूआर कोड फोनने उघडला की १०० मिलिलिटरमध्ये साखर किती ते कळतं. ‘गुट्सआबफ्युलुंग’ लिहिलेलं दिसलं तर ज्याचा मळा, त्यानेच वाइन बनवून बाटलीत भरली आहे. बुचाऐवजी फिरकीचं झाकण असलं म्हणून बाटली खालच्या प्रतीची समजू नका. पुष्कळ चांगले मळेवाले आता तेच वापरतात.

घरी आणल्यावर तापमानाकडे मात्र मनापासून लक्ष द्या, कारण निम्मी चव त्यात आहे. फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर सुगंध गारठलेला असतो, उरतो तो आंबटपणा. दहा-पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवा. काचेवर बाष्पाचे थेंब जमून ओघळायला लागले की ओता. आठ-दहा अंश पुरे. पाहुणे दारात आणि बाटली कोमट, असं झालं तर मोठ्या पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून ती मानेपर्यंत बुडवा. वीस मिनिटांत काम होतं. ग्लास वर निमुळता होणारा असू द्या आणि एक तृतीयांशच भरा.

बरोबर काय? मी पहिल्यांदा फाइनहेर्ब रीसलिंग घेतली ती कोथिंबीर वडीबरोबर. वडी तव्यावरून नुकती उतरलेली, कडा कुरकुरीत, वर तीळ तडतडलेले. एक घास आणि एक घोट. बेसनाचा तेलकटपणा जिभेवरून धुतला गेला आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागला. अळूवडी, बटाटेवडा, रवा लावून तळलेली सुरमई, सगळ्यांशी तिचं जमतं. तुमच्या कालवणात नारळाचं दूध असेल तर काबिनेट घ्या. झणझणीत मटणाच्या रश्श्याबरोबर मात्र वाइन नको, ताक घ्या.

पाऊण लिटरच्या बाटलीत शंभर मिलिलिटरचे सात ग्लास होतात. दोघांनी एकाच रात्री संपवायची गरज नाही. उरलेली लहान बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस छान टिकते. गाडी चालवायची असेल, दिवस गेले असतील, किंवा औषधं चालू असतील त्या दिवसांत नको. तिथे माझं मत अगदी ठाम आहे.

आता सासूबाई. बाटल्या लपवू नका. तीन महिने लपवाछपवी केलीत, तर सापडेल त्या दिवशी वाइनपेक्षा लपवल्याचं दुःख त्यांना जास्त होईल. त्या यायच्या आधीच मुलाने आईला फोनवर सरळ सांगावं की आम्ही कधीतरी जेवताना थोडी घेतो. हे त्यानेच सांगायचं, तुम्ही नाही. त्यांच्या संकष्टीला, एकादशीला बाटली टेबलावर येणार नाही, एवढं पथ्य आपणहून पाळा. त्यांना पटेलच असं नाही. त्या तोंड फिरवून बसल्या तर त्या संध्याकाळी ग्लास बाजूला ठेवा, पण खोटं बोलू नका.

आणि जमलं तर एखाद्या रविवारी त्यांना घेऊन राइनहेसन या द्राक्षमळ्यांच्या मुलखातल्या एखाद्या ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’मध्ये जा. मळेवाले वर्षातून जास्तीत जास्त चार महिने आपल्याच अंगणात टेबलं मांडून स्वतःची वाइन विकतात, त्याला हे नाव. नाशिककडची द्राक्षं पाहिलेल्या माणसाला वेलींच्या रांगा बघून बोलायला विषय मिळतो: इथे छाटणी कधी, तोडणी कधी. आपली द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, इथली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तुम्हा दोघांपैकी जो गाडी चालवणार नाही, त्याने दशांश लिटरचा ग्लास घ्यावा. जो गाडी चालवणार, त्याने मुलांबरोबर ‘ट्राउबेनझाफ्ट’ मागवावा. हा नुसता द्राक्षाचा रस, पुष्कळदा त्याच मळ्यातला. सासूबाईंसाठीही एक मागवा.