स्लाइडटॉगल अडखळतंय? जेक्वेरी सोडा, आधी ट्रान्झिशन ऑल शोधा

आधी प्रश्न मला जसा समजला तसा लिहितो, चुकत असेन तर सांगा. प्रॉडक्ट पेजवर 'अधिक माहिती'वर क्लिक केलं की जेक्वेरीच्या (जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी) स्लाइडटॉगल फंक्शनने खालचं पॅनल सरकत उघडायला हवं. पण उघडताना ते आधी रेंगाळतं आणि मग एकदम धाडकन पूर्ण उघडतं, बंद करताना अर्ध्यात आलं की गायबच होतं. कोऱ्या पेजवर तेच चार ओळींचं कोड मस्त चालतंय, रेडीमेड थीममध्ये टाकलं की घोळ. त्या थीममध्ये स्क्रोल केल्यावर वर येणारी कार्डं पण आहेत. जेक्वेरीचं व्हर्जन बदलून झालं, कॅश साफ करून झाली, वेळ कमी करून 'फास्ट' दिलं तर झटका उलट वाढला. आणि दुसरा प्रश्न म्हणजे स्क्रिप्ट सोडून नुसता क्लास लावून फेड करायला गेलात तर फेड होतच नाही, पॉपअप टपकन येतो.

कोऱ्या पेजवर चालतंय म्हणालात ना, तिथेच चोर सापडला. कोड बरोबर आहे, थीमच्या स्टाइलशीटमध्ये (सीएसएस फाइलमध्ये) कुठेतरी ट्रान्झिशन ऑल 0.3 सेकंद, म्हणजे काहीही बदललं तरी हळूहळू बदल, असं लिहून ठेवलेलं असणार, बहुतेक सगळ्या डिव्हना किंवा सरळ स्टार सिलेक्टर लावून सगळ्या पेजलाच. थीम बनवणाऱ्यांना होव्हरवर रंग मऊ बदलताना दाखवायचा असतो, मग कोण एकेक प्रॉपर्टी लिहीत बसणार, दिलं ऑल ठोकून. डेमो छान दिसतो, भोगायचं आपण.

आता होतं काय ते बघा. स्लाइडटॉगल म्हणजे काही जादू नाही, ते 400 मिलिसेकंदभर दर फ्रेमला पॅनलच्या इनलाइन स्टाइलमध्ये (एलिमेंटवरच थेट लिहिलेल्या स्टाइलमध्ये) उंचीचा नवीन आकडा लिहीत बसतं, 3 पिक्सेल, मग 9, मग 17, असं शेवटपर्यंत. जुनी जेक्वेरी हे 13 मिलिसेकंदांच्या टायमरवर करायची, 2016 मध्ये आलेल्या 3.0 पासून रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेमवर करते, म्हणजे ब्राउझर फ्रेम रंगवतो त्या तालावर, पण आकडे लिहिण्याचं काम तेच, त्यामुळे व्हर्जन बदलून तुम्हाला काही फरक दिसला नाही. इकडे स्टाइलशीट त्याच पॅनलला सांगून बसलंय की तुझं काहीही बदललं तरी 0.3 सेकंद घेऊन बदल. ब्राउझर बिचारा दोघांचं ऐकतो. स्क्रिप्टने 9 लिहिलं, तो म्हणतो ठीक, आत्ता आहे तिथून 9 पर्यंत 0.3 सेकंदात जातो, आणि निघतो न निघतो तोच 16 मिलिसेकंदांनी 17 येऊन पडतात, मग आधीचं ट्रान्झिशन रद्द, नवीन सुरू, घड्याळ परत शून्यावर. त्यात डीफॉल्ट ईझ कर्व्ह (बदलाचा वेग कधी कमी, कधी जास्त ते ठरवणारा) सुरुवातीला हळू असतो, म्हणजे एका फ्रेममध्ये उरलेल्या अंतरातलं फार तर तीन-चार टक्के कापून होतं की परत पहिल्यापासून. दर स्टॉपला ड्रायव्हर बदलणाऱ्या एसटीसारखं, गाडी पहिल्या गिअरच्या वर जातच नाही.

यात 400 मिलिसेकंद संपतात तेव्हा स्क्रिप्टच्या मते पॅनल पूर्ण उघडलंय, पण डोळ्याला दिसणारं पॅनल निम्म्या वाटेतही पोचलेलं नसतं. तेवढ्यात जेक्वेरी आपलं काम झालं म्हणून इनलाइन उंची काढून घेते, उंची परत ऑटो होते, आणि पिक्सेलवरून ऑटोवर ट्रान्झिशन होत नाही, म्हणून उरलेली सगळी उंची एका फ्रेममध्ये धाडकन. हाच तुमचा झटका. बंद करताना शेवटी डिस्प्ले नन (पूर्ण लपवणारा नियम) लागतं, तेव्हा पॅनल अजून अर्धं उघडंच असतं म्हणून ते मधेच गायब होतं. 'फास्ट' म्हणजे 200 मिलिसेकंद, पाठलाग करायला आणखी कमी वेळ, म्हणून झटका वाढला. सगळं जुळतंय. आणि 120 हर्ट्झच्या फोनवर बघाल तर आणखी वाईट दिसेल कारण तिथे दर 8 मिलिसेकंदांनी सुरुवात होते आणि कर्व्हचा सगळ्यात सुस्त तुकडाच वाट्याला येतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. इन्स्पेक्टरमध्ये पॅनल निवडा, कम्प्युटेड टॅबमध्ये ट्रान्झिशन टाइप करून फिल्टर करा. इथे एक गंमत आहे ज्यात नवीन माणूस हमखास फसतो, ट्रान्झिशन-प्रॉपर्टीसमोर ऑल दिसलं म्हणजे पकडला असं नाही, कारण डीफॉल्टच ऑल असतं. बघायचं ड्युरेशनकडे. शून्य असेल तर तो निर्दोष, 0.3 असेल तर हाच. पक्का पुरावा हवा तर कन्सोलमध्ये सेट-टाइमआउट लावून 200 मिलिसेकंदांनी निवडलेल्या एलिमेंटवर गेट-अ‍ॅनिमेशन्स चालवा आणि त्याच स्क्रिप्टमधून लगेच बटनावर क्लिक करा. जेक्वेरीचं काम त्या यादीत कधीच दिसत नाही कारण ब्राउझरच्या दृष्टीने ते अ‍ॅनिमेशनच नाही, नुसतं स्टाइल खरडणं आहे. तरीही यादीत सीएसएस-ट्रान्झिशन नावाचा ऑब्जेक्ट दिसला आणि त्याच्या प्रॉपर्टीत हाइट असेल तर संशयाला जागा नाही.

उपाय एका ओळीचा आहे. पॅनलच्या क्लासवर ट्रान्झिशन नन. थीमचा सिलेक्टर वजनदार असेल तर तुमचा एक क्लासने जड करा, इम्पॉर्टंट शेवटचा पर्याय म्हणून ठेवा. थीमच्या मिनिफाय केलेल्या फाइलमध्ये हात घालू नका, पुढच्या अपडेटला सगळं धुऊन जाईल, चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर चढवलेल्या तुमच्या वेगळ्या थीममध्ये) टाका. थीम तुमच्याच हातात असेल तर ऑल काढून जे खरंच हवंय तेवढंच लिहा, रंग, बॅकग्राउंड, शॅडो. उंची, रुंदी, टॉप, लेफ्ट यांना ऑलमधून फुकट ट्रान्झिशन मिळता कामा नये.

मी स्वतः यात दोन रात्री घालवल्यात म्हणून एवढं लिहितोय. एका साडीच्या दुकानाची साइट होती, दिवाळीच्या तोंडावर, मालकांना फोटोंची पट्टी सरकताना हवी होती. पट्टी सरकायची पण प्रत्येक फोटो आपल्या जागी पोचून परत थोडा पुढे घसरायचा, मालक म्हणाले ही साइट दारू पिऊन आलीये का. मी ईझिंग बदलले, फोटोंची साइज कमी केली, होस्टिंगला शिव्या घातल्या. शेवटी पहाटे थीमच्या फाइलमध्ये स्टार सिलेक्टरखाली ती ओळ सापडली. तेव्हापासून नवीन थीम हातात आली की पहिलं काम, सर्चमध्ये ट्रान्झिशन ऑल.

दुसरा मार्ग म्हणजे सगळं स्टाइलशीटला देऊन टाकायचं आणि स्क्रिप्टने फक्त क्लास लावायचा-काढायचा. उंची ऑटोला ट्रान्झिशन होत नाही ही अडचण ग्रिडने सुटते, बाहेरच्या डब्याला डिस्प्ले ग्रिड आणि ग्रिड-टेम्प्लेट-रोज शून्य एफआर (एफआर म्हणजे जागेतला वाटा), उघडताना एक एफआर, आतल्या डब्याला ओव्हरफ्लो हिडन, आणि ट्रान्झिशन फक्त ग्रिड-टेम्प्लेट-रोजला. आजच्या सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतं. क्रोम 129 पासून इंटरपोलेट-साइज नावाची प्रॉपर्टी आलीये तिने तर सरळ ऑटोपर्यंत जाता येतं, पण तुमच्या गिऱ्हाइकांत आयफोनवाले भरपूर असतील तर ग्रिडच बरं. नवीन काम असेल तर मी हाच मार्ग घेतो. जुन्या साइटवर मात्र एका ओळीत भागतंय तर भागवा.

आता फेड. पॉपअपचं डिस्प्ले नन काढून ब्लॉक केलंत आणि पुढच्याच ओळीत ओपॅसिटी 1 चा क्लास लावलात, बरोबर? ब्राउझर प्रत्येक ओळीला रंगवत नाही, स्क्रिप्टचं सगळं आटपलं की एकदाच हिशेब करतो. त्याच्या दृष्टीने एलिमेंट आधी नव्हताच, आता आहे आणि ओपॅसिटी 1 आहे, मग ट्रान्झिशन कुठून कुठे करणार? मधे त्याला एकदा हिशेब करायला लावायचा, दोन ओळींच्या मधे एलिमेंटची ऑफसेट-विड्थ नुसती वाचायची, काही करायचं नाही त्या आकड्याचं. वाचायला विचित्र वाटतं म्हणून वर कमेंट लिहा, नाहीतर पुढचा माणूस फालतू ओळ समजून उडवेल (माझ्याकडे झालंय). सेट-टाइमआउट 10 लावून काम होतं असं बरेच जण सांगतात, होतं, पण नशिबावर, मधे फ्रेम पडली तर होतं. नव्या ब्राउझरमध्ये स्टार्टिंग-स्टाइल नावाचा नियम आहे, पहिल्यांदा दिसताना कुठून सुरू करायचं ते त्यात लिहिता येतं, मग ही कसरत नको.

फेड झाल्यावर परत डिस्प्ले नन लावायला ट्रान्झिशन-एंड इव्हेंट वापराल तेव्हा जरा जपून. तो प्रत्येक प्रॉपर्टीला वेगळा येतो, पॅडिंगला चार बाजू म्हणून चारदा येतो, आतल्या बटनाच्या होव्हरचा पण बबल होऊन, म्हणजे आतून बाहेरच्या एलिमेंटकडे चढत, वर येतो, आणि मधेच कोणी एलिमेंट लपवला तर येतच नाही. इव्हेंटचं टार्गेट आणि प्रॉपर्टीचं नाव तपासल्याशिवाय काही करू नका.

एक उलटी भानगड पण सांगून ठेवतो, तुमच्या थीममध्ये स्क्रोल केल्यावर वर येणारी कार्डं आहेत म्हणालात म्हणून. कीफ्रेमवाल्या (स्टाइलशीटमध्ये टप्पे लिहून ठेवलेल्या) अ‍ॅनिमेशनला फिल-मोड फॉरवर्ड्स किंवा बोथ दिलेलं असेल तर ते संपल्यावरही शेवटची व्हॅल्यू धरून बसतं, आणि त्याचा मान इनलाइन स्टाइलच्या वर आहे. मग तुमची स्क्रिप्ट ट्रान्सफॉर्म लिहीत राहते, इन्स्पेक्टरमध्ये आकडे पळताना दिसतात, कार्ड जागचं हलत नाही. माणूस वेडा होतो हो. उतरंड अशी आहे: सगळ्यात वर चालू असलेलं ट्रान्झिशन, त्याखाली इम्पॉर्टंट, त्याखाली कीफ्रेम अ‍ॅनिमेशन, आणि इनलाइन स्टाइल बाकीच्या साध्या नियमांत सगळ्यात वर असली तरी या तिघांच्या खाली. त्यामुळे अ‍ॅनिमेशन संपलं की अ‍ॅनिमेशनचा क्लास काढून टाका, किंवा फिल-मोड फक्त बॅकवर्ड्स ठेवा, शेवटची कीफ्रेम म्हणजे कार्डाची मूळ जागाच असेल तर दिसण्यात काही फरक पडत नाही.

जीसॅप (हालचालींसाठीची जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरत असाल तरी कथा तीच. स्क्रिप्टने कार्ड सरकवायचं आणि होव्हरला स्टाइलशीटने ते थोडं मोठं करायचं, दोघांचा हात ट्रान्सफॉर्मवर, मग दोन घरचा पाहुणा उपाशी. इथे ट्रान्झिशन बंद करून चालत नाही कारण होव्हर पण हवंच असतं. मी सरळ दोन डबे करतो, बाहेरचा डिव्ह स्क्रिप्टचा, त्याला स्टाइलशीटने ट्रान्सफॉर्म किंवा ट्रान्झिशन काही द्यायचं नाही, आणि आतला होव्हरचा, त्याला स्क्रिप्टने शिवायचं नाही. एक डिव्ह जास्त लागतो म्हणून नाकं मुरडणारे भेटतील, मुरडू दे. ट्रान्सलेट आणि स्केल आता स्वतंत्र प्रॉपर्टी म्हणूनही लिहिता येतात, क्रोममध्ये 2022 पासून, त्यामुळे होव्हरला नुसतं स्केल देऊनही वाटणी होते, फक्त मग ट्रान्झिशन पण स्केललाच द्या.

अजून एक, साइट बूटस्ट्रॅप 5 वर (तयार सीएसएस फ्रेमवर्कवर) असेल तर 'वर जा' बटनाकडे बघून घ्या. त्यात पूर्ण पेजला स्क्रोल-बिहेव्हिअर स्मूद आधीच दिलेलं असतं, त्यावर जेक्वेरीने स्क्रोल-टॉप अ‍ॅनिमेट केलं की हाच पाठलागाचा खेळ, पेज चिखलातून चालल्यासारखं वर जातं. तिथे स्क्रिप्टचं अ‍ॅनिमेशन काढा आणि साधं स्क्रोल-टू करा, मऊपणा ब्राउझर देईल.

ट्रान्झिशन नन टाकून, हार्ड रिफ्रेश मारून बघा. त्यानंतर झटका गेला पण पॅनल उघडून लगेच बंद होत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, क्लिकचा हँडलर दोनदा बांधला गेलाय, थीम आणि तुमची फाइल दोघेही त्याच बटनाला धरून असतील, तेव्हा बटनावरचे इव्हेंट लिसनर्स मोजा आणि आकडा इथे टाका.