जुन्या फेरारी ३६० मोडेनातली बटणं चिकट झालीत, काय करावं?

पुसून भागणार नाही, कारण तो मळ नाहीच. प्लास्टिकवरचा मऊ पॉलियुरेथेनचा थर वर्षानुवर्षांच्या दमट हवेने कुजून लिबलिबीत झालाय. त्या काळातल्या फेरारींचं हे नेहमीचं दुखणं आहे. थर पूर्ण काढावाच लागतो. वर डॅशबोर्ड पॉलिश चोपडण्यात अर्थ नाही.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि भाग सोडवून बाहेर घ्या. सुती फडकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून मिनिटभर त्या भागावर धरा, मग हलक्या हाताने चोळा. काळा राप फडक्यावर उतरतो आणि खाली टणक, गुळगुळीत प्लास्टिक लागतं. खाचांना जुना टूथब्रश. अ‍ॅसिटोन किंवा थिनर कृपा करून वापरू नका, प्लास्टिकच विरघळायचं.

खरी काळजी बटणांवरच्या पांढऱ्या चिन्हांची, तीही थराबरोबर निघून जाऊ शकतात. म्हणून माझं मत: एसीच्या जाळ्या आणि साधे भाग घरी करा, प्लास्टिक प्रायमरवर मॅट काळ्या रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. चिन्हांची बटणं मात्र लेझरने चिन्हं कोरून देणाऱ्या कारागिराकडेच सोपवा. पुन्हा सॉफ्ट-टच, म्हणजे हाताला मऊ लागणारा रंग मागू नका, तोही कालांतराने असाच चिकटतो.